पॅसेजमधला मोठा आरसा: एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटचा पॅसेज भरदुपारीही अंधारा असतो. पाडव्याला तिथे चार बाय अडीच फुटांचा, ५ एमएमचा, बेव्हल केलेला (कडा तिरप्या घासलेला) आरसा लावून घेतला. दिसायला देखणा आणि उजेडाच्या बाबतीत तर पैसे वसूल: संध्याकाळपर्यंत ट्यूब लावावी लागत नाही. तरीही हे लिहायला बसले ते त्याच्या खालच्या कडेला चढलेल्या काळ्या पट्ट्यापायी.

जागा ठरवायला एक युक्ती फार उपयोगी पडली. घरातला दाढीचा आरसा भिंतीला टेकवून सरकवत गेले. एका जागी चपलांचा रॅक दिसायचा, हातभर पुढे सरकवला की गॅलरीतली तुळस आणि तिच्यामागचं आभाळ. खूण तिथेच केली. दुकानदार सहा फुटी आरसा गळ्यात मारत होता. पण नखशिखांत दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग कितीही लांब उभे राहा. फक्त योग्य उंचीवर लावावा लागतो. मी पाच फूट, मला अडीच फूट पुरे. तेवढ्या काचेचंही वजन साडेअकरा किलोच्या आसपास भरतं, हे भिंतीला भोकं पाडण्याआधी ध्यानात घ्या.

आषाढात खालच्या कडेला मोहरीएवढे ठिपके आले. श्रावण सरेपर्यंत ते एकमेकांना मिळून बोटभर पट्टा झाला. दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "ताई, पावसाळ्यात पारा उडतोच. गॅरंटी काचेची असते, पाऱ्याची नाही." मला हे मुळीच पटलं नाही. माहेरी पंचवटीतल्या वाड्यात, ओल धरणाऱ्या भिंतीपुढच्या कपाटाला माझ्या लहानपणापासूनचा आरसा आहे आणि तो अजून स्वच्छ आहे. माल हलका दिला म्हणून मी कडक शब्दांत भांडले, आणि एक स्टार द्यायचं ठरवूनच घरी आले.

आरसा काढल्यावर मात्र मत बदललं. तो भिंतीला सिलिकॉनने, म्हणजे ट्यूबमधल्या रबरासारख्या डिंकाने, चिकटवलेला होता; सुताराने मागून तार घालून ते कापत कापत तो अख्खा उतरवला. पाठीवर बघते तर जिथे जिथे सिलिकॉनची रेघ, तिथे तिथे डाग. अगदी वर, ओल पोचलीच नव्हती तिथेसुद्धा! काचेमागे चांदीचा अगदी पातळ थर असतो आणि त्याच्या रक्षणाला रंग. बसवणाऱ्याने वापरलेलं सिलिकॉन आंबूस वासाचं होतं. पॅसेजमध्ये कितीतरी दिवस व्हिनेगरसारखा वास येत होता. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि ते रंगातून झिरपून चांदी खातं. आरशाला असं ॲसिड न सोडणारं न्यूट्रल सिलिकॉनच लागतं, ट्यूबवर तसं छापलेलं असतं. बाहेरून स्वस्तातली ट्यूब आणून लावणाऱ्या माणसाचा मला दुकानदारापेक्षा जास्त राग आला. थोडक्या पैशांसाठी साडेतीन हजारांच्या वस्तूची वाट लावली!

खालच्या पट्ट्याला आणखी एक कारण आहे. स्प्रे थेट काचेवर मारला की ओघळ खालच्या कडेशी साचतो आणि तिथून मागे शिरतो. आता फडक्यावर मारून पुसतो.

काळा पडलेला भाग पुन्हा उजळत नाही. काचवाल्याकडून खालची दीड इंचाची पट्टी कापून कड पॉलिश करून घेतली. तिथलं बेव्हल गेलं, वरचे दोन डाग तसेच आहेत, पण नवा आरसा घ्यावा लागला नाही. आता तो क्लिपांवर आहे. मागे थोडी फट ठेवली आहे, हवा खेळते.

वास्तूवाल्यांचा सल्ला मी घेतला नाही, सासूबाईंनी घेतला, त्यांची हरकत निघाली नाही.

काचेला चार स्टार, फिटिंगला शून्य. दिवाळीआधी जेवणाच्या टेबलाशेजारी दुसरा लावायचा आहे. काच त्याच दुकानातून घेईन, पण सिलिकॉनची ट्यूब मी स्वतः आणून कारागिराच्या हातात देणार आहे.