जुन्या इमारतीच्या आवारासाठी पाणी झिरपवणारे पेव्हर ब्लॉक : कोठे घ्यावेत, कोठे टाळावेत

आमच्या जुन्या इमारतीच्या पर्यावरणपूरक नूतनीकरणात आवारासाठी सांध्यांतून पाणी झिरपू देणारे काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक निवडले गेले. उत्पादन म्हणून ते चांगलेच आहेत. मात्र विक्रेते सुचवतात तसे ते एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरसकट बसवणे जुन्या बांधकामाच्या हिताचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रकारात ब्लॉक स्वतः घट्टच असतो. पाणी मुरते ते ब्लॉकमधल्या रुंद सांध्यांतून, आणि त्या सांध्यांत वाळूऐवजी धुतलेली बारीक खडी भरलेली असते. त्याखाली सुमारे ५० मिलिमीटर जाडीचा बारीक खडीचा थर आणि सर्वांत खाली मोठ्या खडीचा पाया येतो. या पायात कच (दगडाची भुकटी) किंवा मुरूम मिसळलेला नसेल, तर त्यातील साधारण ३० ते ४० टक्के जागा पोकळ राहते आणि जोराच्या पावसाचे पाणी तेथे साठून हळूहळू जमिनीत उतरते. म्हणून खरेदीच्या वेळी ब्लॉकच्या रंगापेक्षा खालच्या थरांची चौकशी अधिक महत्त्वाची आहे. हाच ब्लॉक पीसीसीवर, म्हणजे साध्या काँक्रीटच्या घट्ट थरावर, बसवून सांध्यांत नेहमीची वाळू भरली, तर साध्या ब्लॉकहून तो महाग पडला, एवढाच काय तो फरक. (अशी कामे सर्रास होतात आणि ती करणाऱ्यांना त्यात वावगे वाटत नाही.) जमीन चिकणमातीची असेल, तर पायात छिद्रांचा पाइप घालून जादा पाण्याला वाट करून द्यावी लागते.

खरी अडचण जोत्यालगत येते. चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींत ओल अडवणारा थर बहुधा नसतो. जमिनीतून चढलेली ओल भिंतीच्या पृष्ठभागावरून वाळत राहते, यावरच अशा बांधकामाचे आरोग्य अवलंबून असते. अशा भिंतीच्या पायाशी पाणी साठवणारा खडीचा थर आणून ठेवणे म्हणजे ओलीला आमंत्रणच आहे. हा थर इमारतीच्या पायापासून सुमारे ३ मीटर दूर ठेवावा. जागा अरुंद असल्यास मध्ये जलरोधक पडदा उभा घालावा, आणि गच्चीच्या पन्हळीचे पाणी या भागात सोडू नये. दुसरी गोष्ट पातळीची. जुनी फरशी न उचलता तिच्यावरच नवी बसवण्याची सवय असल्यामुळे आवाराची पातळी वर्षानुवर्षे चढत जाते, जोत्यातील झरोके बुजतात आणि बाहेरचे पाणी आतल्या जमिनीच्या बरोबरीला येते. बाहेरची फरशी आतल्यापेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली आणि भिंतीपासून दूर उतरती असायला हवी, मग ती कोणत्याही प्रकारची असो.

भिंतीलगतच्या पट्ट्यासाठी मला आवारातलेच जुने दगड अधिक योग्य वाटतात. ते उचलून, साफ करून, उताराने पुन्हा बसवले आणि त्यांच्यामधले सांधे सिमेंटऐवजी चुन्याने भरले, तर पुढे दुरुस्तीसाठी दगड न फोडता काढता येतात. सिमेंट टाळण्याला आणखी एक कारण आहे : जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. सिमेंटचा काही भाग स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय ॲशने (कोळशावरच्या वीजकेंद्रांतली राख) भरून काढलेले ब्लॉक मिळतात आणि ते घ्यावेतही, पण जागेवरच असलेल्या दगडाशी या बाबतीत त्यांची बरोबरी होऊ शकत नाही. घासून गुळगुळीत झालेले दगड पावसात निसरडे होतात. त्यांना छिन्नीने टाकी लावून पृष्ठभाग खडबडीत करून घ्यावा.

आवाराच्या मध्यभागी, झाडांभोवती आणि वाहने उभी राहतात तेथे मात्र हे ब्लॉक निःसंकोच घ्यावेत. मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळते. पायवाटेला ६० मिलिमीटर जाडी पुरते, वाहनांसाठी ८० मिलिमीटर घ्यावी. रुंद सांध्यांवर चाकाची खुर्ची धक्के खाते, त्यामुळे प्रवेशद्वाराकडे जाणारा मार्ग अरुंद सांध्यांचा ठेवणे इष्ट. सांध्यांत माती आणि पालापाचोळा साचला की झिरपणे मंदावते. तेव्हा वरची खडी यंत्राने ओढून काढून नवी भरावी लागते, आणि हे काम कोण करणार ते ठेकेदाराशी करार करतानाच लेखी ठरवून घ्यावे.