नोकरीवरून काढलं होतं, ते फॉर्मवर लिहायचं का? पुण्यातल्या एका अ‍ॅडमिशन कन्सल्टन्सीचा अनुभव

अमेरिकेतल्या तीन बिझनेस स्कूलच्या अर्जांसाठी मी डेक्कनजवळच्या एका कन्सल्टन्सीची मदत घेतली. तीन शाळांचं पॅकेज १,४०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६५,२०० रुपये. त्यात शाळांची अर्जाची फी धरलेली नाही. ती एकेका शाळेची अडीचशे डॉलरच्या आसपास जाते. संस्थेचं नाव देत नाही, कारण एकाच ऑफिसात मला दोन अगदी उलट सल्ले मिळाले आणि सगळा फरक माणसांचा होता.

माझी अडचण आधी सांगते. २०२१ मध्ये हिंजवडीतल्या एका कंपनीतून मला सात महिन्यांत काढलं. कपात नव्हती. मी एका क्लायंटचं रेटशीट, म्हणजे दरांचा तक्ता, दुसऱ्याच क्लायंटला मेल केलं होतं, आणि पाठवण्याआधीची तपासणी मी टाळते म्हणून त्याआधी दोनदा समज मिळाली होती. दोन ओळींचं पत्र, महिन्याचा पगार, लॅपटॉप जमा. पुढची नोकरी चार महिन्यांनी लागली आणि तिथे मी आजही आहे. घरी आई म्हणाली, ‘आपली गोष्ट चव्हाट्यावर कशाला मांडायची?’ मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

पहिल्या मीटिंगला पॅकेज विकणारे सर होते. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, ‘सातच महिने ना? मग ते सोडूनच द्या. घरचा व्यवसाय सांभाळत होते असं दाखवू. वडिलांच्या लेटरहेडवर एक पत्र आणा, झालं काम.’ बाबांचं साताऱ्यात भांड्यांचं दुकान आहे. म्हणजे हे खोटं अगदी सहज खपलं असतं, आणि मी जवळजवळ हो म्हटलं होतं. घरी जाऊन बाबांकडे लेटरहेड मागायचं या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. पैसे भरून झाले होते, म्हणून परत गेले.

दुसऱ्या वेळी फाइल एका मॅडमकडे गेली. त्यांनी आधी बरीच वर्षं कंपन्यांमध्ये एचआरचं काम केलेलं. लेटरहेडचं ऐकून त्या काही बोलल्या नाहीत, माझ्यासमोर शाळेचा फॉर्म उघडला आणि म्हणाल्या, ‘मोठ्याने वाच.’ मी वाचलं. पदवीनंतरची प्रत्येक पूर्णवेळ नोकरी, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पगार, सोडण्याचं कारण. ‘रेझ्युमे एका पानाचा असतो, त्यात काय ठेवायचं ते तू ठरवतेस. फॉर्मवर प्रश्न त्यांचा आहे,’ त्या म्हणाल्या. हा फरक मला तोवर कोणी सांगितला नव्हता. रेझ्युमेवरून सात महिन्यांची नोकरी गाळता येते. फॉर्म सगळ्या नोकऱ्या मागत असेल तर तिथे गाळणं म्हणजे खोटी माहिती देणं. शेवटी आपण सही करतो तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की माहिती खोटी किंवा अपुरी निघाली तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

तिन्ही फॉर्म सारखे नव्हते. एकात कारण थेट विचारलं होतं. दुसऱ्यात ‘कधी नोकरीवरून काढण्यात आलं आहे का’ असा वेगळा हो-नाही प्रश्न होता. तिसऱ्यात शिस्तभंगाचा प्रश्न होता, पण तो फक्त कॉलेजपुरता. तिथे मी भरात ‘हो’ लिहायला निघाले होते. मॅडमनी थांबवलं: जे विचारलंय त्याचं उत्तर दे, विचारलं नाही तिथे कबुलीजबाब नको. नोकरी यादीत आली, त्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ गेलं, आणि ते खरंच होतं.

मग त्यांनी मला ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या, साइटवर यूएएन (पीएफचा खाते क्रमांक) टाकून लॉगिन करायला लावलं. सर्व्हिस हिस्टरीत ती कंपनी होती, रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दोन्ही. आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये त्या वर्षी पगारातून कापलेला कर (टीडीएस) त्याच कंपनीच्या नावाने. पुढे अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात, डीएस-१६० मध्ये, मागच्या पाच वर्षांतल्या नोकऱ्या विचारतात, साहेबाच्या नावासकट. म्हणजे शाळेला भांड्यांचं दुकान सांगितलं असतं तर वकिलातीला काय सांगणार होते? त्या स्क्रीनकडे बघताना माझे हात गार पडले होते. पण मला वाटतं, खरी भीती पकडलं जाण्याची नव्हती. बाबांना त्यात ओढायचं होतं, ते मला सहन होत नव्हतं.

या सेवेचे पैसे कशाने वसूल झाले असतील तर ऐच्छिक निबंधाने, म्हणजे अर्जातली अशी एखादी गोष्ट समजावून सांगायला शाळा जी जागा देते त्याने. माझा पहिला मसुदा ४३० शब्दांचा होता. टीममध्ये माणसं कमी होती, घरून काम चालू होतं, मॅनेजर फोन उचलत नसे, आणि शेवटी ‘गैरसमजातून वेगळे व्हावे लागले’. मॅडमनी ‘गैरसमज’ला लाल पेनाने गोल केला आणि विचारलं, ‘कोणाचा?’ मला उत्तर देता आलं नाही. मॅनेजरबद्दलच्या ओळींवर काट मारत म्हणाल्या, ‘हे खरं असेल, पण हे त्याचं उत्तर झालं, तुझं नाही.’ चौथ्या मसुद्यात १६० शब्द उरले. मी तपासणी टाळली, दोनदा समज मिळाली होती, चुकीचं शीट गेलं, मला काढलं. आणि आताच्या नोकरीत कुठलंही रेटशीट दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही, ती पद्धत मी बसवली. ‘मी खूप काही शिकले’ हे वाक्य त्यांनी दोनदा काढलं आणि मी दोनदा परत घातलं होतं.

सगळ्यात जड गेलं ते आताच्या साहेबांना सांगणं, कारण शिफारसपत्र तेच लिहिणार होते. त्या पत्रात अर्जदाराला सुधारणेसाठी काय सांगितलं होतं, असा एक प्रश्न बऱ्याच शाळा विचारतात, त्यामुळे त्यांना अंधारात ठेवून चालणार नाही असं मॅडमचं म्हणणं. कँटीनमध्ये मी कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं, तुझ्या बीजीव्ही रिपोर्टमध्ये, म्हणजे नोकरीआधीच्या पडताळणीत, होतं ते. रुजू झालीस तेव्हाच वाचलंय मी.’ तीन वर्षं मी जे लपवत होते, ते त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

आता तक्रारी. पहिल्या सरांचा सल्ला चूक नव्हे, घातक होता, आणि पैसे घेणारा माणूस तो सल्ला देतो ही संस्थेची जबाबदारी आहे. मी मालकांना लेखी कळवलं. उत्तर आलं, त्यात फक्त ‘नोंद घेतली आहे’ एवढंच. दिवाळीनंतर मेलला पाच-पाच दिवस उत्तर नसायचं, आणि अर्जांच्या दुसऱ्या फेरीची (राउंडची) मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते, तेव्हा हे परवडत नाही. मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाची मुलाखत, एकच मिळाला, तोही यादीतून प्रश्न वाचणाऱ्या एका नवख्या मुलाकडून. त्याने नोकरी गेल्याबद्दल विचारलंच नाही. खऱ्या मुलाखतीत तो प्रश्न तिसराच होता. मी निबंधातलीच गोष्ट सांगितली, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मान हलवली आणि रेटशीट तपासायची पद्धत नेमकी कशी चालते तेवढं विचारलं.

एका शाळेने घेतलं, एका ठिकाणी वेटलिस्ट, एकीकडून नकार. मे महिन्यात पडताळणी एजन्सीचा मेल आला आणि जुन्या कंपनीच्या एचआरने तारखा आणि पद कळवून टाकलं. फॉर्मवर तेच होतं.

धाकट्या बहिणीला पुढच्या वर्षी तिथेच पाठवणार आहे. पैसे भरायच्या आधी फाइल कोण बघणार ते नावानिशी लिहून घे आणि मॉक इंटरव्ह्यू त्याच मॅडमकडून माग, असं तिला सांगून ठेवलंय.