दावा की तडजोड: कॅम्पसवरच्या गोळीबारानंतर

अमेरिकेतल्या विद्यापीठात गोळीबारात घरचं माणूस गेलं की कागद फार लवकर समोर येतात. मारेकरी जिवंत असेल तर त्याच्यावरचा फौजदारी खटला सरकार चालवतं, तिथे आपल्या हाती फारसं काही नसतं. गुन्ह्यातल्या बळींसाठी प्रत्येक राज्याचा निधी असतो, त्यातून अंत्यसंस्कार आणि समुपदेशनाचा खर्च मिळतो. तो अर्ज करून टाकावा. पुढे मोठी भरपाई मिळाली तर हे पैसे परत मागितले जाऊ शकतात, एवढंच.

अवघड निवड विद्यापीठाच्या बाबतीतली: त्याच्यावर भरपाईचा दावा लावायचा की तडजोड करायची. माझा भाचा असाच गेला. ताई आणि भावोजी कागद हातात धरण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून वकिलांशी बोलणं माझ्याकडे आलं.

दोन्ही वाटा एकाच घटनेत तपासून पाहायच्या असतील तर व्हर्जिनिया टेक हे सरकारी विद्यापीठ पाहावं. १६ एप्रिल २००७ रोजी तिथे ३२ जण मारले गेले. बहुतेक कुटुंबांनी २००८ मध्ये राज्याशी १ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली. मृतांच्या कुटुंबांना त्यातून प्रत्येकी १ लाख डॉलर मिळाले आणि गव्हर्नर, विद्यापीठ व पोलीस अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारायची संधीही. दोन कुटुंबं कोर्टात गेली. २०१२ मध्ये ज्युरीने त्यांना प्रत्येकी ४० लाख डॉलर दिले. राज्याच्या कायद्यातल्या मर्यादेमुळे न्यायाधीशांनी ती रक्कम १ लाखावर आणली आणि २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालच फिरवला. पण विद्यापीठाच्या अध्यक्षांना शपथेवर उत्तरं द्यावी लागली ती या दोन कुटुंबांमुळे. तडजोडीत कुणालाही शपथ घ्यावी लागत नाही. दाव्याचं हे बळ मी कमी लेखत नाही.

आम्ही आधी दाव्याच्याच बाजूने होतो. प्रोबेट कोर्टाकडून, म्हणजे मृताच्या मालमत्तेचं पाहणाऱ्या कोर्टाकडून, भावोजींना भाच्याच्या वतीने प्रतिनिधी नेमून घेतलं, विद्यापीठाला दाव्याची पूर्वसूचना देणारी नोटीस मुदतीत दिली आणि दावा दाखल केला. वकिलाची फी जिंकल्यावरच द्यायची होती, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती. भाच्याचे मार्क, त्याची संभाव्य कमाई, त्याचे वैद्यकीय कागद, सगळं विचारलं जाणार हेही वकिलाने सांगून ठेवलं होतं. त्याची तयारी आम्ही केली होती.

तयारी नव्हती ती फोन बंद होण्याची. भाच्याच्या विभागातले एक प्राध्यापक दर रविवारी ताईला फोन करायचे. तो प्रयोगशाळेत कसा वागायचा, कुणाला काय समजावून सांगायचा, असलं काहीबाही बोलायचे. ताई त्या फोनची वाट पाहायची. दावा दाखल झाला आणि फोन थांबला. विद्यापीठाच्या वकिलांनी कर्मचाऱ्यांना आमच्याशी न बोलण्याची सूचना दिली होती, आणि आमच्या वकिलानेही आम्हाला तेच सांगितलं. कायद्याच्या दृष्टीने यात कुणाचं काही चुकलं नसेल. पण आपल्या मुलाला रोज पाहणारी माणसं वर्षानुवर्षं साक्षीदार म्हणूनच उरणार, हे ताईला सोसेना. आम्ही मध्यस्थामार्फत तडजोडीला बसलो ते यामुळे.

तडजोडीतही खाचखळगे आहेत. पहिल्या मसुद्यात गुप्ततेचं कलम होतं, ते आम्ही काढायला लावलं. रकमेबाबत आम्ही थोडं मागे आलो, पण चौकशीचे कागद आम्हाला पाहायला मिळतील हे लेखी घेतलं. तडजोड म्हणजे हात पसरणं, असा समज आपल्याकडे आहे; मला तो पटत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात २०२३ च्या फेब्रुवारीत तीन विद्यार्थी मारले गेले, त्याच वर्षी विद्यापीठाने तिन्ही कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०२२ च्या गोळीबारानंतर ९० लाख डॉलरची तडजोड झाली, त्यात तीन मृतांच्या कुटुंबांचा वाटा प्रत्येकी २० लाखांचा.

बंदूक बनवणाऱ्या कंपनीवर दावा हाही पर्याय सुचवला जाईल. २००५ च्या संघीय कायद्याने त्या कंपन्यांना मोठं संरक्षण दिलंय. सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात बळी गेलेल्यांच्या नऊ कुटुंबांना २०२२ मध्ये रेमिंग्टन या बंदूक कंपनीच्या विमा कंपन्यांकडून ७ कोटी ३० लाख डॉलर मिळाले, पण घटना २०१२ ची होती. इतकी वर्षं लढायचं बळ असेल तरच तिकडे वळावं.

प्रत्येक घराचं दुःख वेगळं, म्हणून आमचाच मार्ग धरा असं म्हणणार नाही. विद्यापीठ खासगी असेल तर सरकारी संस्थेला मिळणारं कायद्याचं कवच त्याला नसतं, आणि दाव्याचं पारडं जड होतं. विद्यापीठ एकही कागद दाखवायला तयार नसेल तर मीही कोर्टातच जाईन. एरवी मात्र आधी बोलणीच करून पाहावीत असं मला वाटतं. फक्त नोटिशीची मुदत बोलण्यांच्या नादात चुकू देऊ नका. ॲरिझोनात सरकारी संस्थेसाठी ती १८० दिवस आहे, व्हर्जिनियात एक वर्ष. नोटीस दिली म्हणजे दावा लावलाच पाहिजे असं नसतं. आमच्याकडे नोटीस गेल्यावरही प्राध्यापकांचा फोन येत होता.