लंडन सिल्व्हर व्हॉल्ट्स: तळघरातला चांदीबाजार आणि दोन कानांचा एक कप

लंडनला चान्सरी लेनच्या तळघरात हा चांदीबाजार आहे. आत जायला तिकीट नाही, घेतलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. 1885 मध्ये श्रीमंतांच्या चीजवस्तू ठेवायला इथे तिजोऱ्या बांधल्या, मागाहून चांदीवाले आले. दुसऱ्या महायुद्धात वरची इमारत बॉम्बने पडली, खालच्या तिजोऱ्या टिकल्या. आताचा बाजार 1953 पासूनचा. दुकानांना दारं अजून तिजोरीचीच.

माझं माहेर हुपरीचं. पैंजणांच्या गावातली मुलगी म्हणून चांदी कळते असा माझा समज, पण मामा सोबत होते म्हणूनच खरं बघणं झालं.

एका दुकानात त्यांची नजर दोन कानांच्या झाकणाच्या कपावर ठरली. असे कप पिण्यापेक्षा मानासाठीच जास्त. नेपोलियन चालून येणार या धास्तीने 1803 च्या सुमारास इंग्लंडभर स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या राहिल्या, आणि शिपायांनी वर्गणी काढून आपल्या कॅप्टनला चांदी भेट द्यायची रीत पडली. हा कप त्यातलाच. पोटावर तसा मजकूर, साल 1804.

दुकानदार आजोबांनी भिंग पुढे केलं. ठसे स्वच्छ: चालता सिंह म्हणजे हजारात 925 चांदी; मुकुटवाला बिबट्याचा चेहरा म्हणजे लंडन; ‘आय’ हे अक्षर म्हणजे 1804-05; राजाचं मुंडकं म्हणजे कर भरल्याची पावती (हा ठसा 1784 ते 1890 एवढाच चालला); शेवटी कारागिराची आद्याक्षरं. मामा मात्र आधी कानांचे सांधे बघत होते. “उचलून उचलून इथंच फाटतं बघ. डाक दिलाय का ते बघू.” मग कपावर तोंडाची वाफ सोडली. डाक दिलेली जागा वाफेत वेगळी दिसते. आजोबा हसले, म्हणाले आम्हीही हेच करतो. माझी दुभाषीगिरी तिथे संपली.

तळाला सुईने कोरलेलं जुनं वजन होतं: 43 औंस 10 पेनीवेट, म्हणजे साधारण एक किलो साडेतीनशे ग्रॅम. काट्यावर अर्धा औंस कमी भरलं. दोनशे वर्षांचं पुसणं-घासणं धरलं तर ही घट मामांना मान्य. आतला सोन्याचा मुलामा मात्र त्यांना पटेना, फार झळझळीत होता. विचारल्यावर आजोबांनी सरळ सांगितलं, नंतर नवा चढवलाय. झाकणाच्या आतल्या कडेवरही ठसे आहेत, तेही न विचारता दाखवले. हे महत्त्वाचं, कारण झाकण दुसऱ्याच कपाचं असू शकतं.

तक्रार एकच: किंमत चिठ्ठीवर नाही, विचारावी लागते. आकडा चांदीच्या भावाच्या कितीतरी पट निघाला. तो मजकुराचा, हे मला पटतं. मजकूर खरवडून काढलेला कप बाजूलाच होता. त्या जागी पत्रा बोटाने दाबून बघा, पातळ लागतो. तो स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही.

कप आम्ही घेतला नाही, एक साखरेचा चिमटा घेतला. बिलावर साल, शहर, कारागीर सगळं लिहून मिळालं; विम्याला उपयोगी पडतं. जायचं असेल तर आठवड्यात सवडीने जा, रविवारी बंद असतं.