पृथ्वी थिएटर, जुहू: नटाला आडोसा न देणारा रंगमंच
१९७८ साली सुरू झालेल्या पृथ्वी थिएटरमध्ये सुमारे २०० आसने आहेत आणि प्रेक्षक रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना बसतात, त्यामुळे मोठ्या नाट्यगृहात आवाज फेकून टाळी घेणाऱ्या नटाची इथे खरी कसोटी लागते. परवा पहिल्या रांगेत बसलो असताना अभिनेत्रीने वाक्य अर्ध्यावर सोडून नुसते पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, तेव्हा समोरच्या बाजूचे प्रेक्षक श्वास रोखून पुढे झुकलेले मला स्पष्ट दिसले. अशी जवळीक अन्यत्र क्वचितच लाभते. कडेला बसल्यास काही वेळ नटाची पाठच दिसते, परंतु जाणकार नटाची पाठही बोलते. प्रयोग सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना आत सोडत नाहीत, हा नियम मला मनापासून पटतो. नवोदित नटांनी एखादा प्रयोग मुद्दाम कडेच्या आसनावरून पाहावा.