पद्मिनी घेताना पासिंग बघितलं नाही, १ लाख ८५ हजारांना फसलो

परवा मला ही जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी विकणाऱ्या माणसाने अजून एक पद्मिनी विकायला काढलेली दिसली, जाहिरातीत तेच वाक्य, "पेपर क्लिअर, इन्शुरन्स चालू". म्हणून आज बसून सगळं लिहितोय, निदान पुढच्याचे पैसे तरी वाचू देत.

माझे मामा मुंबईत २२ वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवायचे. ऑक्टोबर २०२३ ला शेवटची काळीपिवळी पद्मिनी बंद झाल्याची बातमी आली तेव्हा ते दोन दिवस धड बोलले नाहीत, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की एक घ्यायचीच आणि मामांना न सांगता दारात आणून उभी करायची. फेब्रुवारी २०२४ ला पुण्याजवळ १९८५ चं मॉडेल सापडलं, क्रीम कलर, स्टिअरिंगवरचा गिअर, नवीन सीटकव्हर, नवीन मॅट, बघताक्षणी जीव बसला.

नंबर जुना तीन अक्षरी, म्हणजे १९८९ ला एमएच यायच्या आधीचा. गाड्यांची माहिती दाखवणाऱ्या ॲपवर टाकला तर काहीच दिसेना. विकणारा म्हणाला, "साहेब, जुन्या नंबरचा डेटा ऑनलाईन चढलेलाच नसतो." हे अर्धं खरं होतं, तिथेच मी अडकलो. हाताने लिहिलेल्या आरसी बुकाची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवणं, करावी लागते हे बरोबर आहे, पण ज्या गाडीचं अलीकडे पासिंग (आरटीओत तपासून रजिस्ट्रेशनची मुदत वाढवणं) झालंय तिची एंट्री त्याच वेळी होते ना! म्हणजे ऑनलाईन नाही याचाच अर्थ बरीच वर्षं ती आरटीओत गेलेलीच नाही, हे मला तेव्हा सुचलंच नाही. त्याने आरसीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स दाखवली, रिन्यूअलचे शिक्के असलेलं पान नाही. इन्शुरन्स आणि पीयूसी मात्र चालू होते, मी त्यावरच विसंबलो. वर म्हणाला, "व्हिंटेजमध्ये टाका, कटकट नाही," म्हणजे खूप जुन्या गाड्यांच्या वेगळ्या रजिस्ट्रेशनमध्ये. व्हिंटेजला पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं पूर्ण लागतात, आणि अशी गाडी रोज चालवताही येत नाही, हे मला नंतर कळलं.

पैसे देऊन ट्रान्सफरला गेलो तेव्हा आरटीओतल्या बाईंनी रजिस्टर काढून दाखवलं. पहिली १५ वर्षं संपल्यावर २००० ला रिन्यू, मग २००५ ला, शेवटची मुदत २०१०. त्यानंतर काही नाही. चौदा वर्षं बिनपासिंगची गाडी. तेव्हा, २०२४ ला, फी ५,००० होती, शिवाय उशिराचे महिन्याला ५०० प्रमाणे, पर्यावरण कर वेगळा, आणि हे सगळं इन्स्पेक्टरने गाडी पास केली तर.

ती पास होणार नव्हती. मामा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, काही न बोलता ड्रायव्हरच्या पायाखालची नवी मॅट उचलली. खाली डांबरासारखा काळा थर होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवून दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि खालून पार्किंगची फरशी दिसायला लागली. पत्रा नव्हताच, फायबरचं कापड चिकटवून वर काळं फासलेलं. मग मामांनी खिशातलं चुंबक दारांच्या खालच्या कडेला फिरवलं, कुठेच चिकटेना, सगळी पुट्टी भरलेली. "अरे, आधी एक फोन करायचास," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

इंजिनचंही तेच. मी बघायला गेलो तेव्हा बॉनेट कोमट होतं, मला वाटलं माणूस व्यवस्थित आहे, गरम करून ठेवलीय. घरी सकाळी थंड इंजिन चालू केलं तर निळा धूर आणि तो थांबेचना, मेकॅनिक म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्यात. त्यामुळे बघायला जाताना आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करायची नाही, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. पण त्याच्याही आधी नंबर घेऊन ज्या आरटीओची गाडी आहे तिथे जा, आरसी पर्टिक्युलर, म्हणजे गाडीच्या नोंदीचा उतारा, काढा, मुदत कधीपर्यंत आहे, कर्जाचा बोजा आहे का, चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का ते बघा. मूळ आरसी बुक हातात घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचा. एक दिवस जाईल, जाऊ दे.

माणूस आता फोन उचलत नाही. पोलिसांत लेखी अर्ज दिलाय, झेरॉक्स आणि चॅट जोडून. गाडी गॅरेजमध्ये आहे, सीट काढून ठेवल्यात, फ्लोअर कापलाय, आणि मामा दर रविवारी तिथे जाऊन पत्र्याचं काम बघतात.