जळगावच्या मूत्रविकार रुग्णालयातील नानांचे उपचार : एक अनुभव

यावल तालुक्यातील आमच्या गावी नानांना लघवीतून रक्त गेले तेव्हा वेदना अजिबात नव्हती आणि जवळच्या दवाखान्यातून जंतुसंसर्गाच्या गोळ्या घेतल्यावर रक्त थांबलेही. मूत्राशयाच्या कर्करोगात ते असे आपोआप थांबते आणि पुन्हा सुरू होते, हे आम्हाला अडीच महिने वाया गेल्यावर जळगावच्या या रुग्णालयात कळले.

लिहायचे आहे ते मुख्यतः दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढल्यावर अहवालात 'हाय ग्रेड', म्हणजे आक्रमकपणे वाढणारा कर्करोग, असा शेरा आला, मात्र पाठवलेल्या तुकड्यांत मूत्राशयाच्या स्नायूचा थर आलाच नव्हता. काही आठवड्यांनी पुन्हा खरवडावे लागेल असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा हा बिल वाढवण्याचा प्रकार आहे असे मी बोलूनही दाखवले. त्यांनी न चिडता कागदावर मूत्राशयाची भिंत काढून दाखवली : आजार अस्तरापुरता असेल तर मूत्राशय राखून त्यात बीसीजीचे (क्षयाच्या लसीचे) औषध सोडता येते, पण स्नायूत शिरला असेल तर केमोथेरपी देऊन मूत्राशयच काढण्याचा विचार करावा लागतो, आणि स्नायू पाहिल्याशिवाय यांतले काहीच ठरवता येत नाही. दुसऱ्या नमुन्यात स्नायू होता आणि स्नायूत कर्करोगही होता.

सीटी स्कॅनमध्ये ओटीपोटातील लसिका ग्रंथी वाढलेल्या आणि फुप्फुसांत गाठी दिसल्या. चाळीस वर्षे बिडी ओढल्यामुळे हा फुप्फुसाचा वेगळा कर्करोग असणार, असे आमच्या भाऊबंदांनी ठरवूनही टाकले. या मूत्राशयातूनच गेलेल्या पेशी असून यकृत आणि हाडे याही त्यांच्या नेहमीच्या जागा आहेत, आणि बिडीला दोष द्यायचाच तर तो मूत्राशयासाठीही द्या, असे डॉक्टरांनी सुनावले. केवळ मूत्राशय काढून आजार आता आटोक्यात येणार नव्हता. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध मूत्रपिंडांना झेपेल का हे पाहण्यासाठी त्यांनी रक्तातील क्रिएटिनिन तपासले आणि परळच्या टाटा रुग्णालयासाठी पत्र दिले.

एक गुण मी कापतो, तो स्वच्छतागृहासाठी. दर दहा मिनिटांनी उठावे लागणाऱ्या रुग्णांना जिना उतरून खाली जावे लागते, हे मूत्रविकाराच्या रुग्णालयाला सुचू नये याचे नवल वाटते.

तपासणीचे ब्लॉक आणि स्लाइड, म्हणजे गाठीच्या तुकड्यांचे मेणात आणि काचपट्टीवर जपलेले नमुने, मात्र त्यांनी मागताच, त्याच दुपारी, डबीत बंद करून दिले. मुंबईत सर्वप्रथम तेच मागितले गेले.